डॉ. रूथ वेस्टहायमर: गाडीत बाहुली देऊन टाकणारी मुलगी

पाटीपेन्सिल

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. डॉ. रूथ वेस्टहायमर १२ जुलै २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये गेल्या, ९६ वर्षांच्या होत्या. मी वाचली ती बातमी चार ओळींची होती, अमेरिकन टीव्हीवर लैंगिक प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या छोट्याशा आजी, बस एवढंच. खोटं काहीच नव्हतं त्यात, पण मी बावीस वर्षं शाळेत शिकवतेय आणि मला या बाईंबद्दल जे वाटतं ते त्या चार ओळींत कुठेच नव्हतं, म्हणून लिहायला बसले. मोठं होणार आहे, दोन भागांत टाकते.

मूळ नाव कारोला रूथ झीगल. जन्म ४ जून १९२८, जर्मनीत बव्हेरियामधलं वीझनफेल्ट नावाचं खेडं, पण वाढली फ्रँकफुर्टला. एकुलती एक. सोवळंओवळं पाळणारं ज्यू घर, आजी बरोबर राहायची, वडील सुया-दोरे-बटणं असल्या बारीकसारीक सामानाचे घाऊक व्यापारी. मुलीला हाताला धरून सिनॅगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, न्यायचे. घरात लाड भरपूर, तेरा बाहुल्या होत्या तिच्याकडे, आणि हा आकडा लक्षात ठेवा.

नोव्हेंबर १९३८ मध्ये सगळ्या जर्मनीत ज्यूंची दुकानं फोडली, सिनॅगॉग जाळले, ती रात्र आपल्याला इतिहासात वाचून माहीत असते. त्यानंतर आठवड्याभरात माणसं घरी आली आणि वडिलांना घेऊन गेली. आजीने आतून पैसे आणून त्यांच्या हातात दिले, माझ्या मुलाला नीट ठेवा म्हणाली. पोरगी खिडकीत उभी. वडील खाली ट्रकमध्ये चढले, वळून वर पाहिलं, हात हलवला आणि हसायचा प्रयत्न केला. त्यांचं शेवटचं दर्शन ते.

मग घरी तिला सांगितलं की मुलांची एक गाडी स्वित्झर्लंडला जातेय, तू त्यात गेलीस तर वडील छावणीतून सुटून घरी येऊ शकतील. आता बघा, दहा वर्षांच्या पोरीला हे सांगितल्यावर ती नाही कशी म्हणणार? तिला जायचं नव्हतं. ५ जानेवारी १९३९ ला ती गाडीत बसली. तेरा बाहुल्यांपैकी एकच न्यायला परवानगी होती, आणि गाडीत तिच्याहून लहान एक मुलगी रडायची थांबेना तेव्हा ती एकुलती बाहुली हिने तिला देऊन टाकली, आणि बाकीच्या मुलांना गाणी म्हणायला लावली. मला तर वाटतं शिक्षिका तिथेच झाली ती, पुढच्या पदव्या नंतर आल्या.

स्वित्झर्लंडमध्ये हायडन नावाच्या डोंगरातल्या गावी मुलांचं वसतिगृह होतं. सहा महिन्यांसाठी म्हणून नेलं होतं, राहिली सहा वर्षं. निर्वासित मुलींनी तिथल्या स्विस ज्यू मुलांची कामं करायची, लादी पुसायची, धाकट्यांना न्हाऊमाखू घालायचं. आठवीपर्यंत कशीबशी शाळा, मग मुलींना घरकामाचं प्रशिक्षण आणि त्याचाच दाखला. मुलगे पुढे शिकायला जायचे. त्यातल्या एका मुलाशी हिची मैत्री होती, तो दिवसभर शाळेत जाऊन यायचा आणि रात्री आपली पुस्तकं हिला द्यायचा, बाकीचे झोपले की ही वाचायची, आणि सकाळी परत द्यायची कारण त्याला ती शाळेत न्यायची असत. असं शिकली.

आणि पत्रं. आईवडील आणि आजी पत्रं पाठवायचे, आईबाबा कविता करून पाठवायचे, ती उत्तरं लिहायची. १९४१ च्या शरदात पत्रं यायची बंद झाली. का बंद झाली ते तिला सांगू शकेल असं तिथे कोणीच नव्हतं. तेरा वर्षांची होती. मी नववीच्या वर्गावर जाते तेव्हा समोर तेवढ्याच मुली बसलेल्या असतात, म्हणून हे वाक्य लिहिताना मला जरा थांबावं लागलं.

पुढचं उद्या लिहिते.

निशाचर

एवढं काहीच माहीत नव्हतं. मी त्यांना फक्त यूट्यूबवरच्या क्लिपांमधून ओळखत होतो, त्या खळखळून हसतात तेवढं.

एक विचारू का ताई, आईवडील का नाही गेले बरोबर? वडील सुटल्यावर तरी? आणि स्वित्झर्लंड तर शेजारचाच देश.

पाटीपेन्सिल

निशाचर, शेजारचा होता पण दार बंद होतं. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ गावी बत्तीस देशांची परिषद भरली होती, विषय हाच, जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ज्यू निर्वासितांचं करायचं काय. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि जवळजवळ कोणीच आपला कोटा वाढवला नाही. स्वित्झर्लंडने तर उलट जर्मनीशी बोलणी केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून जर्मन ज्यूंच्या पासपोर्टवर मोठा लाल 'जे' शिक्का पडायला लागला, म्हणजे सीमेवरच ओळखून परत पाठवता यावं.

मुलांचं त्यातल्या त्यात जमलं कारण मुलं नोकऱ्या मागत नाहीत आणि काही दिवसांनी परत जातील असं गृहीत धरलेलं. ब्रिटनने सुमारे दहा हजार मुलं घेतली. स्वित्झर्लंडने या योजनेत घेतली तीनशे. त्या तीनशेतली ही एक. वडील नंतर सुटून फ्रँकफुर्टला परत आले, म्हणजे हिला सांगितलं होतं ते खरं झालं, पण तोवर ही डोंगरात पोचलेली आणि त्यांना बाहेर पडायला कुठलाच मार्ग उरला नव्हता.

त्या स्वतःला कधी 'होलोकॉस्टमधून', म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, 'वाचलेली' म्हणवून घेत नसत. म्हणायच्या, मी छावणीत नव्हते, मी होलोकॉस्टची अनाथ. शब्द इतका जपून वापरणारी बाई.

हडसनकाठ

धागा बघून राहवलं नाही, मराठी टायपिंगची सवय गेलीय तेव्हा चुका पोटात घाला.

मी १९८१ मध्ये एमएस करायला न्यू जर्सीला आलो. आम्ही चार मुलं एका अपार्टमेंटमध्ये, दोन मराठी एक गुजराती एक तेलुगू, फर्निचर म्हणजे रस्त्यावरून उचललेला सोफा आणि एक रेडिओ. रविवारी रात्री डब्ल्यूवायएनवाय स्टेशनवर डॉ. रूथचा 'सेक्शुअली स्पीकिंग' लागायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा आम्हाला वाटलं कोणाची तरी आजी चुकून स्टुडिओत शिरली. जर्मन हेल, र असा घशातून घोळवायच्या, आणि मध्येच ही-ही करून हसणं. आणि शब्द मात्र सगळे सरळ. अवयवाचं जे नाव तेच नाव, आडपडदा नाही, चावटपणाही नाही.

पहिले दोन रविवार आम्ही हसलो. तिसऱ्या रविवारी हसणं आपोआप थांबलं कारण फोनवर एक मुलगा होता, आमच्याच वयाचा असेल, अगदी दबक्या आवाजात विचारत होता आणि त्याला जे वाटत होतं ते आमच्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं पण चौघांपैकी कोणी कधी तोंडातून काढलं नव्हतं. बाई त्याला आधी म्हणाल्या, फोन केलास ते फार चांगलं केलंस. मग उत्तर दिलं, दोन मिनिटांत, साधं, आणि शेवटी डॉक्टरला कधी दाखवायचं तेही सांगितलं. आमच्या खोलीत कोणी एकमेकांकडे बघत नव्हतं. सोफ्यावर मागे टेकून आम्ही छताकडे बघत ऐकत होतो.

तो कार्यक्रम सप्टेंबर १९८० मध्ये सुरू झाला तेव्हा पंधरा मिनिटांचा होता, रविवारी मध्यरात्रीनंतर, आधी रेकॉर्ड केलेला, आणि बाईंना आठवड्याला २५ डॉलर मिळायचे. कोणी ऐकणार नाही अशीच ती वेळ. मग पत्रांचा पाऊस पडला आणि वर्षभरात तासाभराचा लाइव्ह झाला, फोन घेऊन. आम्ही लाइव्हवालेच ऐकले.

पाटीपेन्सिलताई, दुसरा भाग लवकर टाका.

पाटीपेन्सिल

हडसनकाठ, तुम्ही लिहिलंत ते माझ्या दोन्ही भागांपेक्षा मोलाचं आहे. मी तर सगळं वाचून ऐकून लिहितेय.

भाग दोन. १९४५ मध्ये युद्ध संपलं, ती सतरा वर्षांची, परत जायला घर नाही. ब्रिटिश अमलातल्या पॅलेस्टाइनला गेली. तिथल्या किबुत्झवर, म्हणजे सामुदायिक शेतीवर, टोमॅटो आणि ऑलिव्ह तोडायचं काम. कारोला हे नाव फारच जर्मन वाटतं म्हणून बदलायला लावलं, तेव्हा तिने मधलं रूथ पुढे आणलं. पण कारोलाचा 'के' सहीत ठेवून दिला, समजा आईवडील जिवंत असले आणि शोधत आले तर त्यांना सापडायला हवं म्हणून. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं थोडा वेळ.

मग जेरुसलेम, हगाना या ज्यू सशस्त्र संघटनेत भरती. उंची ४ फूट ७ इंच. नेमबाज म्हणून तयार केलं, डोळे मिटून स्टेन गन जोडायची, कोणाला मारायची वेळ मात्र कधी आली नाही असं त्या सांगायच्या. ४ जून १९४८ ला, म्हणजे बरोबर विसाव्या वाढदिवसाला, तोफेचा गोळा फुटून दोन्ही पाय जबर जखमी झाले. चालता येईल की नाही अशी स्थिती. पुढे त्याच पायांनी स्कीइंग केलं आणि १९६१ मध्ये स्कीइंगच्या सहलीतच नवरा भेटला, पण ते नंतर.

आता माझ्या दृष्टीने महत्त्वाचं. पहिलं शिक्षण घेतलं ते बालवाडी शिक्षिकेचं, जेरुसलेमला. मग पॅरिस. हातात हायस्कूलचा दाखला नाही, फक्त घरकामाचा. युद्धामुळे शिक्षण तुटलेल्यांसाठी तिथे एक वर्षाचा पूर्वतयारीचा वर्ग होता, तो करून सॉर्बोनमध्ये मानसशास्त्र शिकली, आणि बरोबरीने बालवाडीत शिकवत होती. १९५६ मध्ये पश्चिम जर्मन सरकारकडून पाच हजार मार्क भरपाई आली, त्यात न्यूयॉर्कचं तिकीट काढलं. तिथे खोली शोधायला म्हणून जर्मन ज्यू निर्वासितांचं वर्तमानपत्र उघडलं तर त्यात नाझी छळातून आलेल्यांसाठी न्यू स्कूल या विद्यापीठात शिष्यवृत्ती अशी जाहिरात. अर्ज केला. तासाला डॉलरभर मजुरीवर लोकांच्या घरी धुणीभांडी, पदरात लहान मुलगी, लग्न मोडलेलं, इंग्रजी शिकायची होती ती वर्तमानपत्रं आणि मासिकं वाचून, आणि १९५९ मध्ये समाजशास्त्राची एमए. म्हणजे हायडनचा घरकामाचा दाखला शेवटी कामाला आलाच.

साठच्या दशकाच्या शेवटी हार्लेममध्ये कुटुंबनियोजनाच्या केंद्रात नोकरी लागली. पहिले दोनतीन दिवस तिला वाटलं ही माणसं दिवसभर एकाच विषयावर कशी बोलू शकतात, आठवड्याभरात वाटायला लागलं की विषय तर फारच गोडीचा आहे. तिथे काम करता करता पीएचडीच्या तोडीची पदवी घेतली, कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजमधून, १९७० मध्ये, वय ४२. आणि इथे लक्ष द्या, ती पदवी शिक्षणशास्त्रातली आहे. लोकांना वाटायचं त्या वैद्यकीय डॉक्टर. नव्हत्या. डॉक्टरेट शिक्षणाची. लैंगिक उपचारांचं प्रशिक्षण त्यानंतर हेलन सिंगर कॅप्लन या लैंगिक उपचारतज्ज्ञ बाईंकडे घेतलं.

म्हणजे रेडिओवर बसल्या तेव्हा वय ५२ होतं. त्याआधीची तीस वर्षं बालवाडी, केंद्र, कॉलेज, शिकवणंच.

गोदाकाठ

लेख चांगला आहे, आयुष्य थक्क करणारं आहे यात वाद नाही. पण थोर शिक्षिका म्हणावं का याबद्दल मला शंका आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडतो. टीव्हीवर गेल्यावर त्या सेलिब्रिटी झाल्या, जाहिराती केल्या, गेम काढला, चर्चेच्या कार्यक्रमांत पाहुण्या म्हणून हशे मिळवले. दोन मिनिटांत फोनवर दिलेला सल्ला म्हणजे शिक्षण का? आणि २०१५ मध्ये एका रेडिओ मुलाखतीत त्या म्हणाल्या होत्या की दोघं विवस्त्र होऊन अंथरुणात असताना ऐनवेळी नको म्हणता येत नाही. त्यावर खूप टीका झाली आणि माझ्या मते योग्य झाली. मला दोन मुली आहेत. कुठल्याही क्षणी नाही म्हणता येतं हेच मी त्यांना सांगणार.

पाटीपेन्सिल

गोदाकाठ, २०१५ च्या बाबतीत मी तुमच्याच बाजूची आहे. ते वाक्य चुकीचंच होतं आणि त्यांच्यासारख्या बाईच्या तोंडी जास्त चुकीचं, कारण लोक त्यांचं ऐकायचे. ते झाकून ठेवून धागा काढावा असं मला वाटलं नाही, दुसऱ्या भागात यायला हवं होतं, राहिलं.

आणखी एक तुम्ही म्हणायच्या आधी मीच सांगते. १९८५ मध्ये त्यांचं किशोरवयीन मुलामुलींसाठी पुस्तक आलं, त्यात गर्भधारणेच्या दृष्टीने कुठले दिवस धोक्याचे ते सांगणाऱ्या वाक्यात 'असुरक्षित' च्या ठिकाणी 'सुरक्षित' छापलं गेलं. एक अक्षर, आणि अर्थ बरोबर उलटा. न्यू जर्सीतल्या एका ग्रंथपालबाईंच्या नजरेला ते पडलं. प्रकाशकाने १ लाख १५ हजार प्रती परत मागवल्या आणि वेगळ्या रंगाचं मुखपृष्ठ घालून नवी आवृत्ती काढली, म्हणजे जुनी प्रत लांबूनच ओळखू यावी. मी दरवर्षी प्रश्नपत्रिका तपासताना हे आठवते. आपल्या विषयात चूक झाली की गुण कमी पडतात, त्यांच्या विषयात चूक झाली तर कोणाच्या तरी पोरीचं आयुष्य बदलतं.

पण दोन मिनिटांचा सल्ला म्हणजे शिक्षण का, इथे मात्र मी वाद घालणार. त्या फोनवरच्या माणसाला उपचार देत नव्हत्या, तसं स्पष्ट सांगायच्या की मी इथे उपचार करत नाही, शिकवते. प्रश्न विचारणारा एक, ऐकणारे लाखो, आणि त्या लाखांतल्या बहुतेकांनी आयुष्यात कोणालाच तो प्रश्न विचारलेला नव्हता. वर्गात हेच तर होतं. एक धीट मुलगी हात वर करते आणि बाकीच्या चाळीसजणी कान टवकारतात.

आता माझं सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, नववीच्या वर्गात, जीवशास्त्राचा तास, प्रजननाचा धडा. एका मुलीने उभं राहून विचारलं, बाई पाळी आल्यावर पोहायला गेलं तर काय होतं. अगदी साधा प्रश्न. मागून कोणीतरी खुसखुसलं आणि मी तिला म्हटलं, घरी आईला विचार, आणि पान उलटलं. ती खाली बसली ती पुन्हा वर्षभर माझ्या तासाला काही विचारायला उठली नाही, दुसऱ्या कुठल्या धड्यालाही नाही. उत्तर मला येत होतं, एका वाक्याचं होतं, काहीही होत नाही बाळा, खुशाल जा. ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही.

डॉ. रूथ ऐकल्यापासून मी तो धडा उलटत नाही. वर्गात एक डबा ठेवते, नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायच्या, आणि शनिवारी सगळ्या वाचून दाखवायच्या, एकही न गाळता. न गाळता हे महत्त्वाचं, कारण एक जरी बाजूला ठेवली तरी ती लिहिणारीला कळतं.

हडसनकाठ

गोदाकाठ यांच्या मुद्द्याला जोडून. ते दिवस काय होते ते आठवा. १९८१ मध्येच इथे एड्सच्या पहिल्या केसेस आल्या आणि पुढची काही वर्षं समलिंगी पुरुषांबद्दल काय काय बोललं गेलं ते मी कानाने ऐकलंय, ऑफिसात, बसमध्ये, आपल्या माणसांच्या जेवणाच्या पंगतीतसुद्धा. त्या काळात डॉ. रूथ टीव्हीवरून सांगत होत्या की कुठल्याही माणसाबद्दल असं बोलायचं नाही, आणि कंडोम वापरा. एका माणसांच्या गटाला माणसातून उठवलं की पुढे काय होतं ते मी लहानपणी बघितलंय, हे त्यांचं कारण. दुसरा कोणी बोलला असता तर राजकारण म्हणून सोडून दिलं असतं.

चिंचेचं_झाड

हे वाचताना सारखे र. धों. कर्वे डोळ्यासमोर येत होते, म्हणून विषयांतराचा दोष पत्करून लिहितो. १९२७ पासून १९५३ ला जाईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे, अशीच सरळ. १९३४ मध्ये खटला भरला गेला तो या उत्तरांवरूनच, अश्लील म्हणून, आणि कोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. डॉ. रूथला त्याच कामासाठी शेवटी मानसन्मान मिळाले, कर्व्यांना आपल्या लोकांनी काय दिलं ते आपल्याला माहीत आहे. तुलना इथेच थांबवतो, दोघांची आयुष्यं फार वेगळी. पण प्रश्नाला उत्तर देणं या एका गोष्टीची किंमत किती असते ते दोन्हीकडे दिसतं.

शेवंती

मी अंगणवाडीत आहे, मदतनीस म्हणून लागले होते आता सेविका आहे. मला त्या बालवाडीच्या बाई होत्या हे वाचून एकदम पटलं. आमच्याकडे तीन वर्षांचं पोर काहीही विचारतं, बाई तुम्हाला मिशी का नाही, बाळ पोटात कुठून गेलं, आणि त्याला ओरडायचं नसतं, हसायचं नसतं, खोटंही सांगायचं नसतं, त्याला झेपेल तेवढं खरं सांगायचं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला हेच शिकवलं पहिल्या आठवड्यात. त्या बाईंनी मोठ्या माणसांना पण तसंच केलं म्हणजे. मोठी माणसं पण त्या बाबतीत तीन वर्षांचीच असतात खरं तर, कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि घरात आईबाप एकमेकांवर प्रेम करतात हे त्यांनी लहानपणी बघितलं असणार, त्याशिवाय असं मोकळं बोलता येत नाही. माझा अंदाज आहे हा.

पाटीपेन्सिल

शेवंतीताई, अंदाज बरोबर आहे तुमचा. त्या नेहमी म्हणायच्या की पहिली दहा वर्षं मला जे प्रेम मिळालं त्याच्या जोरावर मी पुढचं सगळं निभावलं. आणि आणखी एक, त्यांच्या ज्यू परंपरेत नवराबायकोचं सुख हे पाप नाही, पुण्यकर्म आहे, शुक्रवारच्या रात्री तर खासच, त्यामुळे या विषयाची लाज आपल्याला घरून मिळालीच नाही असं त्या सांगायच्या. धर्म सोडून नाही, धर्मात पाय रोवून बोलत होत्या त्या. मॅनहटनच्या वरच्या टोकाला वॉशिंग्टन हाइट्समध्ये जर्मन ज्यू निर्वासितांची वस्ती होती, लोक तिला हडसनवरचं फ्रँकफुर्ट म्हणायचे. एवढी प्रसिद्धी मिळाली, पैसा मिळाला, पण त्या शेवटपर्यंत तिथेच, त्याच फ्लॅटमध्ये राहिल्या.

मुलगी मिरियम आणि मुलगा जोएल दोघंही शिक्षणक्षेत्रात, जोएल तर ओटावाला शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक. आणि चार नातवंडं. नातवंडांकडे बघून त्या म्हणायच्या की हिटलर हरला, मी जिंकले.

हडसनकाठ

आणि २०२३ चं राहिलं की. वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांनी आमच्या गव्हर्नरबाईंकडे स्वतःहून प्रस्ताव नेला, एकटेपणावर काम करू द्या म्हणून, आणि न्यूयॉर्क राज्याने त्यांना एकटेपणासाठीची मानद राजदूत नेमलं. मी त्या वर्षी घरात एकटाच होतो, बायकोला जाऊन सात महिने झाले होते. बातमी वाचली आणि तो रस्त्यावरून उचललेला सोफा आठवला. चौघांपैकी दोघांचे नंबर माझ्याकडे होते. त्या रात्री फोन लावला, तेलुगू मित्राने उचलला. पहिलं वाक्य मी काय बोललो असेन? म्हटलं, डॉ. रूथ आठवतेय का रे.

निशाचर

काका, वाचून गप्प बसलो काही वेळ.

ताई, माझा एक प्रश्न अर्धा राहिलाय. पत्रं थांबली त्यानंतर आईवडिलांचं काय झालं ते त्यांना पुढे कळलं का? आणि सहीतला तो 'के'?

पाटीपेन्सिल

ऑक्टोबर १९४१ मध्ये आईवडिलांना फ्रँकफुर्टहून पोलंडमधल्या लॉड्झच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, नेलं. शहराच्या घाऊक भाजी मार्केटच्या तळघरात लोकांना गोळा करायचे आणि तिथून गाडीत भरायचे. त्या महिन्यात पहिली गाडी सुटली तिच्यात अकराशेहून जास्त माणसं होती. पत्रं थांबली ती तेव्हा.

वडील ऑशविट्झला मारले गेले हे नंतर नोंदींमधून कळलं. आईच्या नावापुढे जेरुसलेमच्या याद वाशेम स्मारकाच्या नोंदीत एकच जर्मन शब्द आहे, 'फरशोलन'. बेपत्ता. तारीख नाही, ठिकाण नाही.

आईवडिलांची पत्रं त्यांनी शेवटपर्यंत जपली, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, आणि १९४५ पासूनच्या स्वतःच्या डायऱ्यापण. घरी बाहुल्यांची घरंही होती, मोठ्या वयात हौसेने जमवलेली, आतलं सामानसुमान, खुर्च्या, पाळणे, छोटी माणसं सगळं मांडलेलं. कोणी विचारलं की सांगायच्या, लहानपणी माझ्या आयुष्यात काय होणार ते माझ्या हातात नव्हतं, या घरात कोण कुठे बसेल ते मी ठरवते.